माझ्या कानातले खडे

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला मी डाव्या कुशीवर वळले आणि खोली निघाली. कपाट, पंखा, खिडकी, खुर्चीवर टाकलेली माझी ट्रॅकपँट, सगळं एकाच दिशेने धावत सुटलं. मी पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडले, "अहो, धरा!"

नवरा दचकून उठला. "काय धरू?"

"मला धरा! नाहीतर पलंग धरा! काहीतरी धरा!"

बिचाऱ्याने माझा पाय धरला. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. कपाट जागेवर, पंखा जागेवर, नवरा पायाशी. मी उठून बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "काही नाही, रात्री नीट झोप झाली नसेल." माझं हे असंच आहे. दुसऱ्याची चक्कर म्हणजे आजार आणि माझी म्हणजे झोप न होणं.

मी शाळेत कवायत शिकवते. तेहेतीस वर्षं झाली. दर वर्षी क्रीडादिनाला चारशे मुलं मैदानावर उभी राहतात आणि त्यांच्यापुढे लोखंडी चौथऱ्यावर मी. चौथरा पुरुषभर उंच आहे, तीन बाजूंना कठडा आहे आणि पुढची बाजू उघडी, म्हणजे मागच्या रांगेतल्या मुलालाही माझे पाय दिसावेत. बारा प्रकार, प्रत्येकाचे आठ आकडे. शेवटचा प्रकार माझा स्वतःचा, मी बसवलेला: दोन्ही हात वर, छाती पुढे, मान मागे टाकून आकाशाकडे बघायचं आणि आठ मोजेपर्यंत हलायचं नाही. चारशे चेहरे एका झटक्यात वर वळतात तेव्हा बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही येतो, दर वर्षी. आणि हे वर्ष शेवटचं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार.

तर त्याच शुक्रवारी दहा वाजता मी सरावासाठी चौथऱ्यावर चढले, अकरा प्रकार झोकात केले, बाराव्याला "मान वर!" म्हणून स्वतःची मान मागे टाकली आणि आकाश फिरायला लागलं. मी होते तिथेच बसले. बसले म्हणजे पडलेच, पण मागे पडले म्हणून वाचले. पुढे पडले असते तर पहिल्या रांगेने मला झेललं असतं, आणि पहिल्या रांगेत आमचे पहिलीतले चिमणे असतात.

हे सगळं मोठ्या बाईंनी त्यांच्या खिडकीतून पाहिलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दहापट शांत. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाल्या, "बाई, मला तुम्हाला त्या चौथऱ्यावर असं चढू देता येणार नाही."

"झोप झाली नव्हती," मी म्हणाले.

"गुरुवारी चार वाजता रंगीत तालीम आहे. त्या दिवशी बाराही प्रकार माझ्यासमोर नीट झाले तर पुढच्या शनिवारी क्रीडादिनाला तुम्हीच. नाहीतर आकडे आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवू आणि ध्वनिक्षेपकावरून लावू. मुलांना सगळं पाठ आहेच."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या जागी कोणी दुसरी बाई आणली असती तर मी भांडले असते, रुसले असते, शेवटी तिला चार गोष्टी शिकवल्या असत्या. पण भोंगा? तेहेतीस वर्षांनंतर माझ्या जागी एक भोंगा?

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, कानाच्या डॉक्टरांनी मला अर्धा तास तपासलं. चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, कानात दिवा घातला. शेवटी म्हणाले, "मेंदूचं काही नाही, रक्तदाबाचंही नाही. खाली फिजिओथेरपी विभागात जा. औषध नाही देत. तुमचं डोकं योग्य दिशेला फिरवलं की झालं."

"माझं डोकं योग्य दिशेलाच असतं," मी म्हणाले. नवऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तळमजल्यावर एक लांबट खोली. एका भिंतीला धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात जागच्या जागी चालवायची, घंटी लावलेली सायकल, पडद्यांच्या आड तीन उंच पलंग. पडदा सारून एक धिप्पाड माणूस बाहेर आला, कानावर पिकलेले केस, हातात माझा कागद. माझ्याकडे बघून तो असा ताठ उभा राहिला की मला हसूच आलं. टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले.

"बाई! ओळखलंत का? मी उफराटा."

उफराटा! हे नाव मीच ठेवलेलं. तिसरीपासून सातवीपर्यंत हा मुलगा कवायतीत नेमका उलटा हात वर करायचा. चारशे उजवे हात वर गेले की मधोमध एक डावा. मी समजावलं, ओरडले, त्याच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधली. काही उपयोग नाही. दर वर्षी शेवटी वैतागून मी त्याला रांगेतून काढलं आणि पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. पाच क्रीडादिन त्याने मुलांना पेले भरून दिले.

आणि आता माझं डोकं याच्या हातात! मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने वर छताकडे पाहिलं.

उफराट्याने ड्रॉवरमधून प्लास्टिकची पारदर्शक नळी काढली. वेटोळं केलेली, आत पाणी आणि चिमूटभर वाळू. "कानाच्या आत अशा तीन नळ्या असतात, बाई. त्यांच्याशेजारी एक पिशवी असते, तिच्यात बारीक खडे असतात. ते पिशवीत असतात तोवर सगळं ठीक. त्यातले काही सुटून नळीत शिरले की मान हलवल्यावर तेही घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय."

"म्हणजे माझ्या कानात खडे आहेत?"

"सगळ्यांच्याच असतात. तुमचे जागा सोडून गेलेत."

आयुष्यभर मी पोरांना कानाला खडा लावायला लावला, आणि शेवटी माझेच खडे रांग सोडून पळाले!

"काढायचे कसे?"

"काढायचे नाहीत. परत पिशवीत घालायचे. काचेखाली छोट्या गोळ्या असलेला खेळ असतो ना, हलवून हलवून खळग्यात पाडायच्या? तसं. फक्त खेळणं म्हणजे तुमचं डोकं."

आधी कुठल्या कानात आहेत ते शोधायचं होतं. त्याने मला पलंगावर पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झपकन मागे झोपवलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर, त्याच्या तळहातांवर. काही नाही. पुन्हा बसवलं, मान डावीकडे, झपकन मागे. दोन सेकंद काही नाही, आणि मग छत निघालं! मी त्याचं मनगट असं आवळलं की त्याच्या घड्याळाचा पट्टा सुटला.

"डोळे उघडे ठेवा, बाई! उघडे!" तो माझ्या डोळ्यांत बघत होता आणि त्याचा आवाज आनंदाने चढला होता. "नाचतायत! बुबुळं नाचतायत! डावा कान, मागची नळी!"

मी मरतेय आणि याला उत्सव! पण खरं सांगते, त्याचा तो आनंद ऐकून मला धीर आला. चोर सापडल्यावर हवालदार ओरडतो तसा तो ओरडला होता.

मग त्याने डोकं फिरवलं. आधी तसंच डावीकडे ठेवून थांबला. मग सावकाश उजवीकडे, पुन्हा थांबला. मग मला उजव्या कुशीवर वळवलं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबला. मग बसतं केलं. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर. मधे मधे म्हणायचा, "बाई, डोकं सोडा."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं. मला वजन लागत नाहीये. तुम्हीच धरून ठेवलंय."

"अरे, माझंच डोकं आहे ते!"

शेवटी चक्कर निम्म्यावर आली. तो म्हणाला, "थोडे राहिलेत. आठवडाभर घरी रोज सकाळ-संध्याकाळ करा. मी करून दाखवतो." आणि समोरच्या पलंगावर बसून, खांद्याखाली उशी घेऊन, त्याने सगळं मला पायरी पायरीने करून दाखवलं. मी समोर बसून बघितलं. एकदाच बघितलं. हालचाल एकदा बघितली की माझ्या अंगात जाते, त्यावर तर मी भाकरी कमावली.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. सकाळ-संध्याकाळ उशी खांद्याखाली, नवरा घड्याळ घेऊन शेजारी. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "अगं, त्याने डावीकडून सुरू करायला सांगितलं होतं ना?"

"कवायत तुम्ही शिकवता की मी?"

तो गप्प बसला आणि मिनिट मोजायला लागला. चाळीस वर्षांच्या संसारात तो हे एक उत्तम शिकलाय, आणि त्या आठवड्यात नेमकं तेच मला नडलं.

कारण खडे हलेनात. बुधवारी संध्याकाळी मी वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली आणि भिंत सरकली. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. सरळ सांगते, घाबरले होते. पडण्याला नाही. शनिवारी मैदानाच्या कडेला पालकांमध्ये खुर्ची टाकून बसायचं, भोंग्यातून "एक, दोन" ऐकायचं, आणि माझी मुलं माझ्याशिवाय मान वर करणार, याला घाबरले होते.

गुरुवारी सकाळी आठला मी फिजिओथेरपी विभागाचं दार अशा जोरात लोटलं की सायकलवरचे आजोबा पायडल मारायचे थांबले.

"उफराट्या! तुझा खेळ बंद कर! पाच दिवस केलं मी, दहा वेळा! माझी तालीम आज चार वाजता आहे!"

तो शांतपणे म्हणाला, "कसं केलंत ते करून दाखवा."

"जसं तू दाखवलंस तसं!"

"करून दाखवा, बाई."

मी पलंगावर बसले. तो समोरच्या पलंगावर बसला. मी मान वळवली. तो बघत राहिला. मग अचानक त्याने आपला डावा हात वर केला. "असा करा."

मी हात वर केला.

त्याने डावा कान धरला. मी कान धरला. त्याने डावा डोळा मिटला. मी डोळा मिटला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. तो आधी हळूच हसला, मग मोठ्याने, मग पलंगावर आडवा पडून हसायला लागला. सायकलवरचे आजोबाही हसायला लागले, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"बाई, कुठला कान धरलाय तुम्ही?"

मी हाताकडे पाहिलं. उजवा.

तेहेतीस वर्षं मी मुलांकडे तोंड करून उभी आहे. "उजवा हात" म्हणते तेव्हा माझा डावा वर जातो, म्हणजे समोरच्या मुलांना आरशात बघितल्यासारखं सोपं पडतं. हे आता मला करावं लागत नाही, होतंच. समोर कोणी उभं राहिलं की माझं अंग आरसा होतं. त्याने शनिवारी डावीकडे मान वळवली आणि माझ्या अंगाने मला न विचारता ती उजवीकडे वळवून घेतली. पाच दिवस मी माझ्या धडधाकट कानाला औषध देत होते! मीही हसत सुटले.

"आणि बाई," तो डोळे पुसत म्हणाला, "मी पण तेच करत होतो. तिसरीपासून. तुमचा डावा हात वर जायचा, मी बघायचो, डावा, आणि डावाच वर करायचो. तुम्ही काय म्हणताय ते मी ऐकतच नव्हतो. मी फक्त तुमच्याकडे बघत होतो."

माझं हसणं तिथेच थांबलं. चारशेंमधला एकच मुलगा मी जे करतेय ते तंतोतंत करत होता, आणि त्यालाच मी उफराटा म्हटलं आणि पाच वर्षं टाकीपाशी उभं केलं. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"अरे, मग सांगायचं नाहीस का?"

"तुम्हाला? कवायतीत? कोणाची हिंमत!" तो उठून उभा राहिला आणि बाह्या सरसावल्या. "चला. वेळ आहे. पण या वेळी तुम्ही काही करायचं नाही. वळायचं नाही, धरायचं नाही, मोजायचंही नाही. तुम्ही मनात मोजता, मला तुमचे ओठ दिसतात."

मी बसले. त्याने मान डावीकडे वळवली. मागे नेताना मला ठाऊक होतं आता काय येणार, आणि माझी मान लाकडासारखी झाली. "सोडा," तो म्हणाला. माझ्या मनात आलं, याने माझ्याकडे पाच वर्षं डोळे लावून बघितलं, मी याच्याकडे मिनिटभर तरी नीट बघितलं होतं का? आणि मी डोकं सोडलं. खरोखरच सोडलं. एवढं जड असतं आपलं डोकं, मला माहीतच नव्हतं. ते त्याच्या तळहातांत गेलं आणि छत निघालं, गरगर, गरगर, आणि मी डोळे उघडे ठेवून ते जाऊ दिलं.

"नाचतायत. सोडू नका. कमी होतंय. थांबलं."

उजवीकडे. थांबला. एक छोटीशी लाट आली आणि गेली. कुशीवर, नाक जमिनीकडे. फरशीवर एक निळा मणी पडला होता, तोही हलत नव्हता. मग बसतं केलं. अर्ध्या तासाने आणखी एक फेरी, मग आणखी अर्धा तास बाकावर. मी एकदाही मोजलं नाही. शेवटी त्याने परीक्षा घेतली: मान डावीकडे, झपकन मागे.

छत. पांढरं, कोपऱ्यात ओलीचा डाग. दोन सेकंद. पाच. दहा.

"काय होतंय?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"नीट सांगा!"

"अरे, काहीच होत नाहीये!" मी त्या अवस्थेतच, डोकं कडेबाहेर लोंबकळत, ओरडले, आणि आजोबांनी सायकलची घंटी वाजवली.

उफराट्याने मात्र बजावलं. आज दिवसभर थोडं तरंगल्यासारखं वाटेल. जिना चढताना कठडा धरायचा. कडेपासून दोन पावलं मागे उभं राहायचं. आणि तो स्वतः चौथऱ्याशी येऊन थांबणार. "वर काही झालं तर मी आहे," तो म्हणाला, "पण होणार नाही."

चार वाजता मोठ्या बाई मैदानावर हात बांधून उभ्या होत्या. शेजारी टेबलावर तो ध्वनिक्षेपक, तार जोडून तयार. नवरा कुंपणापाशी, जीव मुठीत धरून. मी कठडा धरून आठ पायऱ्या चढले. चारशे मुलं. मला बघून पहिल्या रांगेतले चिमणे ओरडले, "बाई आल्या!" आणि ते ओरडणं मागच्या रांगेपर्यंत गेलं. मी शिट्टी वाजवली.

एक ते अकरा प्रकार मी केले की त्यांनी केले, मला आठवत नाही. हृदय इतकं जोरात चाललं होतं की मला आकडे त्यावरच ऐकू येत होते. अकरावा संपला. मी चौथऱ्याच्या मध्यावर आले. मोठ्या बाई एक पाऊल पुढे आल्या. खाली उफराट्याने दोन्ही हात थोडे पसरले.

"बारावा प्रकार! हात वर! छाती पुढे!" मी श्वास घेतला. "मान वर!"

चारशे माना वर गेल्या, आणि माझी.

आकाश होतं. निळं, एक लांब पांढरा ढग, त्याच्या टोकाशी एक घार. ढग ढगाच्या जागी, घार घारीच्या वेगाने. पायाखाली लोखंड घट्ट. मी एक म्हणाले. दोन म्हणाले. तीनला माझे डोळे भरून आले, पण पाण्यातूनही आकाश जागचं हललं नाही. आठ म्हणाले आणि तशीच उभी राहिले. माझी मान मागे, डोळे वर, आणि खाली चारशे लेकरं माझ्याबरोबर तेच आकाश बघत उभी. कोणी हललं नाही. पुढच्या वर्षी मी नसणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं.

"बाई!" मधल्या कुठल्यातरी रांगेतून एक किनरा आवाज आला. "आठ झाले! मान दुखतेय! खाली म्हणा ना!"

"थांबा रे," मी म्हणाले. "एवढ्यात नाही." आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.